जंताची गोळी घेऊनही हुकवर्म परत का येतो? आधी दिवस मोजा

शाळेत पोरांना गोळी मिळाली, घरातल्या बाईने दवाखान्यातून वेगळी आणून घेतली, कुत्र्याला आणि शेळ्यांनाही औषध पाजून झालं. तरी चार महिन्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा नऊ आणि शौचाच्या तपासणीत पुन्हा अंडी. अशा वेळी पहिला संशय औषधावर जातो. गोळी नकली निघाली, जंत निगरगट्ट झाले, डोस वाढवा. कधी कधी ते खरंही असतं. पण कृष्णा-वारणेच्या बागायत पट्ट्यात बहुतेक वेळा गोळीने तिचं काम केलेलं असतं. ती आतड्यातला जंत मारते आणि दोनेक दिवसांत शरीराबाहेर जाते. पुढच्या आठवड्यात तळपायातून शिरणाऱ्या अळीला ती अडवू शकत नाही. म्हणून ‘परत झालं’ असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, गोळीनंतर किती दिवसांनी?

तारखेवरून काय कळतं

हुकवर्मचं (आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीचं) वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं आहे. विष्ठेतून पडलेलं अंडं ओलसर, उबदार, सावलीच्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतं. अळी मातीतच दोनदा कात टाकते आणि पाच ते दहा दिवसांत कातडी भेदण्याजोगी होते. जागा मानवली तर तीन-चार आठवडे तिथे तग धरते. बोटांच्या बेचक्यातून शिरली की रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळली जाऊन लहान आतड्यात पोचते. शिरल्या दिवसापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत साधारण पाच ते नऊ आठवडे जातात.

आता हिशोब सोपा होतो. गोळीनंतर १४ ते २१ दिवसांत केलेल्या तपासणीत अंडी दिसली, तर ती गोळीनंतर शिरलेल्या जंताची असू शकत नाहीत. एक तर काही जंत गोळीतून वाचले, नाही तर गोळी घेतली तेव्हा काही अळ्या फुप्फुसाच्या वाटेवर होत्या आणि नंतर आतड्यात पोचल्या. दोन्हींवर उपाय एकच, डॉक्टरांना दाखवून दुसरा डोस. उलट तीन आठवड्यांनी शौच साफ होतं आणि दोन-चार महिन्यांनी अंडी दिसली, तर औषध चाललं होतं. लागण नव्याने झाली. इथे डोस वाढवून काही मिळत नाही, लागण होते ती जागा शोधावी लागते.

आणि तीन आठवड्यांची तपासणी कधी केलीच नसेल (बहुतेकांनी केलेली नसते), तर दोन्हींतलं काय घडलं ते सांगता येत नाही. मग आता गोळी घ्या, घरातल्या कॅलेंडरवर विसाव्या दिवसाभोवती गोल करा आणि त्या दिवशी नमुना द्या.

एक अपवाद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. माणसात दोन मुख्य जाती आढळतात, नेकेटर अमेरिकानस आणि अँकायलोस्टोमा ड्युओडेनेल. यातली दुसरी जात शरीरातच वाढ थांबवून दबा धरून बसू शकते. पश्चिम बंगालमधल्या लोकांवर केलेला आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की कोरड्या ऋतूत, बाहेर अंडी टाकून उपयोग नसताना, हा जंत वाढ रोखून धरतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर मोठा होतो. त्यामुळे उन्हाळाभर साफ असलेल्या माणसात जूनमध्ये अंडी दिसली, तर ती मागच्या वर्षीच्या लागणीचीही असू शकतात.

अंडी दिसली नाहीत म्हणजे जंत नाहीत, असं नव्हे

तपासणीतल्या चुका दोन्ही बाजूंनी होतात. सकाळी सहाला डबीत घेतलेला नमुना दुपारी दोनला लॅबमध्ये पोचला आणि महिना मे असला, तर अंडी वाटेतच फुटू लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली अंड्यांऐवजी अळ्या दिसतात आणि त्या स्ट्राँजिलॉइड्स नावाच्या वेगळ्याच जंताच्या समजल्या जातात. तोंडाची नळी लांब असेल तर हुकवर्म, आखूड असेल तर स्ट्राँजिलॉइड्स, हा फरक अनुभवी तंत्रज्ञ लगेच ओळखतो. फरक महत्त्वाचा आहे, कारण स्ट्राँजिलॉइड्सवर अल्बेंडाझोलची, म्हणजे नेहमीच्या जंताच्या औषधाची, एक गोळी पुरत नाही. त्याला आयव्हरमेक्टिन हे वेगळं औषध लागतं. दमा, सांधेदुखी किंवा अंगदुखीसाठी स्टेरॉइड चालू असेल तर स्ट्राँजिलॉइड्स जिवावर बेतू शकतो. रिपोर्टवर ‘लार्व्हा’ शब्द दिसला तर तो कोणाचा, हे विचारूनच पुढे जा.

नमुना दोन तासांत पोचवा. जमत नसेल तर डबी घट्ट लावून, पिशवीत घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. साधी ‘स्टूल रूटीन’ म्हणजे काचपट्टीवरचा एक थेंब. हलकी लागण त्यात सहज निसटते. तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या आणि कॉन्सन्ट्रेशन पद्धतीने, म्हणजे जास्त विष्ठेतली अंडी एकत्र गोळा करून, बघायला सांगा.

सर्वेक्षणात काटो-कॅट्झ पद्धत वापरतात. ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा पट्टीवर घ्यायची, अंडी मोजायची आणि २४ ने गुणायचं, म्हणजे एका ग्रॅममधली अंडी मिळतात. २,००० च्या आत हलकी लागण, २,००० ते ३,९९९ मध्यम, ४,००० आणि वर जड. यात हुकवर्मपुरती एक मेख आहे. पट्टी ग्लिसरीनमुळे पारदर्शक होते आणि तासाभरात हुकवर्मची पातळ कवचाची अंडी दिसेनाशी होतात. मोठ्या गोल जंताची मात्र दिसत राहतात. शिबिरात सकाळी केलेल्या पट्ट्या जेवणानंतर वाचल्या तर गावात हुकवर्म जवळजवळ नाहीच असा निष्कर्ष निघतो. पट्टी अर्ध्या तासात वाचायला हवी.

तीन आठवड्यांतच अंडी दिसली तर

आधी गोळी कोणती होती ते बघा. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमच्या एका डोसने हुकवर्म असलेल्या दहापैकी साधारण आठ जण पूर्ण साफ होतात. मेबेंडाझोल ५०० चा एकच डोस घेतला तर दहापैकी तीनच. दोन्ही ‘जंताची गोळी’ म्हणूनच मिळतात, आणि मोठ्या गोल जंतावर दोन्ही चांगल्या चालतात म्हणून फरक कुणाच्या लक्षात येत नाही. मेबेंडाझोलच घ्यायची असेल तर १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ तीन दिवस, हा डोस हुकवर्मसाठी एकदाच घेण्यापेक्षा बरा.

मग गोळी पोटात गेली का ते. १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, दोन वर्षांपुढे पूर्ण. लहान मुलांना ती चुरून पाण्यातून द्यावी, नाही तर ठसका लागतो. मोठ्या मुलांनी चावून खावी. चव न आवडल्याने गालात धरून नंतर थुंकणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात.

दहातले दोन उरतात म्हणजे जंत प्रतिकारक झाले असं नाही. उरलेल्यांतही अंड्यांची संख्या बरीच खाली आलेली असते. दुसरा डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या आणि पुन्हा तीन आठवड्यांनी नमुना द्या. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नाही. नंतर सरकारी कार्यक्रमातही ती दिली जाते. फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण मेंदूत फीतकृमीची गाठ असल्यास अल्बेंडाझोलने त्रास उसळू शकतो. आणि जनावरांची बाटली माणसाने उघडायची नाही, ती कितीही स्वस्त पडली तरी.

तीन आठवड्यांनी साफ, मग परत: जागा शोधा

जगात सुमारे ४४ कोटी माणसांना हुकवर्म आहे, असा २०१० सालचा अंदाज होता. त्यातल्या बहुतेकांना फारसा त्रास होत नाही, आणि अडचण तिथेच आहे. नेकेटरची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. पोटात वीस माद्या असलेला, अंगाने धडधाकट माणूस रोज एक ते दोन लाख अंडी बाहेर टाकतो. तो दवाखान्यात जात नाही, शाळेतल्या गोळीच्या वयात बसत नाही, आणि सकाळी रानात जातो.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा कार्यक्रम २०१५ पासून आहे. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडी आणि शाळेत गोळी मिळते. कार्यक्रम चांगला आहे. पण मोठा गोल जंत जसा मुलांत जास्त असतो तसं हुकवर्मचं नसतं. तो वयाबरोबर वाढत जातो आणि मोठ्यांतच जास्त सापडतो. रात्री दारं धरणारा बाप, भांगलणीला जाणारी आई, बांधावर जनावरं चारणारा आजा यांना गोळी कुणी दिलेली नसते. शिवाय ऑगस्टची गोळी ऐन पावसात पडते. पोरगं पुढे दोन महिने त्याच मातीत अनवाणी फिरतं. ज्या घरात लागण परत परत सिद्ध झाली आहे तिथे घरातली सगळी मोठी माणसं आणि त्याच रानात राबणारे मजूर यांनी डॉक्टरांना विचारून एकाच आठवड्यात औषध घ्यावं. एकेकट्याने घेऊन उपयोग नाही.

जागा कशी ओळखायची? अळीला चार गोष्टी एकत्र लागतात: मैला, सावली, ओल आणि हवा. २५ ते ३० अंश तापमान तिला सगळ्यात मानवतं. पंचेचाळिसाच्या वर तापलेल्या, सुकलेल्या मातीत ती मरते. म्हणून जत-आटपाडीच्या उघड्या माळावर मे महिन्यात तिचं काही चालत नाही. पण ताकारी, टेंभू, म्हैसाळ योजनांचं पाणी आलं तिथे उसाच्या आणि द्राक्षाच्या मांडवाखाली बारमाही ओल आणि सावली तयार झाली. तालुका दुष्काळी आहे एवढ्यावर संशय सोडू नका.

हवेचा मुद्दा बरेच जण चुकवतात. पाटण-जावळीकडे भात लावताना घोटाभर चिखलात उभं राहावं लागतं, म्हणून चिखलालाच दोष दिला जातो. पण पाण्याखाली बुडालेल्या अंड्याला प्राणवायू मिळत नाही आणि त्याची वाढ नीट होत नाही. धोका खाचरात कमी आणि बांधावर जास्त असतो. झुडपाआड, पाणी निचरणाऱ्या, पाला पडलेल्या त्याच जागी, जिथे माणसं आडोसा बघून बसतात आणि मग डबा खायला चप्पल काढून टेकतात. मातीचा पोतही बघा. घट्ट काळ्या रानापेक्षा नदीकाठची पोयट्याची, वाळूमिश्रित माती अळीला सोयीची, कारण कणांमधल्या जागेतून ती ओलीप्रमाणे खाली-वर करते.

उसाचं रान यात सगळ्यांच्या वर येतं. आठ-नऊ महिन्यांच्या उसात दुपारीही सरीत ऊन पोचत नाही, पाचटाखाली ओल टिकते, आडोसा आयता मिळतो, आणि पाणी पाजणारा माणूस चप्पल बांधावर ठेवून सरीत उतरतो. पाचट ठेवणं पिकाला चांगलंच आहे, ते पेटवा असं कुणीही सांगू नये. बसण्याची जागा बदलायला हवी, पाचट नव्हे.

त्यासाठी रानात करण्यासारखं एवढं:

१. सरीचं पाणी पोचणार नाही अशा उंच कोपऱ्यात, विहिरीपासून निदान १५ मीटर लांब, मीटर-दीड मीटर खोल खड्डा घ्या. वर सिमेंटची भोक असलेली फरशी, भोकाला झाकण, बाजूला ताडपत्रीचा आडोसा. भूजल वर असलेल्या नदीकाठच्या रानात तळाला पाणी लागत असेल तर जागा बदला.

२. खुरप्याने वीतभर माती उकरून मैला झाकणं पुरेसं नाही. भुसभुशीत ओल्या मातीतून अळी वर येते.

३. जुनी बसण्याची जागा झाडोरा तोडून उन्हाला मोकळी करा आणि दीड-दोन महिने तिकडे अनवाणी जाऊ नका. मातीवर फिनेल ओतून अळी मरेल या भरवशावर राहू नका. माती आणि कुजका पाला त्याचा जोर काढून घेतात.

ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात तिथेही हीच व्यवस्था हवी. संडास, पाणी आणि दिवा नसलेल्या माळावर कोप्या टाकायला लावायच्या आणि मग घाणीचा दोष टोळीला द्यायचा, हे बरोबर नाही. अनवाणी पोरं त्यांचीच असतात आणि रक्तही आधी त्यांचंच कमी होतं.

पायात काय घालायचं हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. गमबूट सगळ्यात चांगला, पण ओल्या सरीत तो रुतून बसतो आणि नेसूच्या साडीवर बायका तो घालत नाहीत. पट्ट्याची चप्पल चिखल बोटांत यायचा थांबवत नाही. मध्यममार्ग म्हणजे बंद प्लॅस्टिकचे किंवा रबरी बूट, आत मोजे. आलं-हळदीच्या भांगलणीत हातही तासन् तास मातीत असतात, तेव्हा हातमोजे. संध्याकाळी पाय घासून धुणं चांगलंच, पण तोवर अळी कधीच आत गेलेली असते. ड्युओडेनेल जात तोंडावाटेही जाते, म्हणून रानातली मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात तिथल्या तिथे पाटाच्या पाण्यात खळबळून खाऊ नका.

घरात संडास आहे, तरीही

दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एका वेळी एकच खड्डा चालू असायला हवा. वाय आकाराच्या चेंबरमध्ये एक तोंड बंद करायचं असतं, ते गवंडी विसरतो किंवा ‘तुंबायला नको’ म्हणून दोन्ही उघडी ठेवतो. मग दोन्ही खड्डे बरोबरच भरतात आणि उपसताना ताजा मैला वर येतो. चेंबरचं झाकण काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. बंद केलेला खड्डा कमीत कमी एक वर्ष, शक्यतो दोन, तसाच राहू द्या. मगच उपसून खत म्हणून वापरा. मोठ्या गोल जंताची अंडी हुकवर्मपेक्षा कितीतरी चिवट असतात, म्हणून घाई नको.

सेप्टिक टँकचं बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसतं, स्वच्छ नसतं. त्याची नळी मागच्या गटारात आणि गटार केळी-अळूच्या परसात सोडलेलं असेल, तर तीच तुमची जागा. ते पाणी शोषखड्ड्यात घ्या. टँक उपसणाऱ्या टँकरला मैला आपल्या उसात सोडायला सांगणारेही आहेत. खत फुकट मिळतं, पण पुढची भांगलण कोण करणार आहे ते आधी ठरवा.

चिखल्या की अळी?

पावसाळ्यात बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलते, वास येतो, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं, त्या चिखल्या; बुरशीचं मलम लागतं. अळी शिरते तेव्हा रानातून आल्यावर काही तासांतच बारीक लाल, प्रचंड खाजणारे पुरळ उठतात आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप बसतात. पुढे दोन-तीन महिन्यांनी थकवा सुरू झाला तर ही तारीख उपयोगी पडते, डॉक्टरांना सांगा.

तिसरा प्रकार ओळखायला सगळ्यात सोपा. पायावर किंवा कुल्ल्यावर लाल, उंचवट्याची नागमोडी रेघ उमटते आणि रोज काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकते. ही कुत्र्या-मांजराच्या हुकवर्मची अळी. माणसाच्या कातडीत ती वाट चुकते, आत सहसा जाऊ शकत नाही. ब्लेडने टोचून ती काढायला जाऊ नका, ती रेघेच्या टोकाच्याही पुढे असते. आयव्हरमेक्टिनचा एक डोस किंवा अल्बेंडाझोल तीन दिवस, वजनाप्रमाणे, डॉक्टर देतील.

कुत्रा, गाय, शेळी: कुणाचा जंत कुणाला

गाई-म्हशीचा हुकवर्म (बुनोस्टोमम) माणसाच्या आतड्यात वाढत नाही. शेणात हात घालून हुकवर्म होईल ही भीती सोडून द्या. कुत्र्याचं तसं नाही. अँकायलोस्टोमा कॅनिनम आणि ब्राझिलिएन्स वरची नागमोडी रेघ उमटवतात. अँकायलोस्टोमा सेलॅनिकम ही कुत्र्या-मांजरातली जात मात्र माणसाच्या आतड्यात पूर्ण वाढते आणि तिची अंडी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या हुकवर्मसारखीच दिसतात. रानात न जाणाऱ्या माणसाला वारंवार लागण होत असेल आणि दारात मोकळी कुत्री असतील, तर त्यांच्यावरही उपचार करा. बांधकामाच्या वाळूचा ढीग हा शहरातल्या पोरांचा खेळ आणि कुत्र्यांचा संडास एकाच वेळी असतो. रात्री त्यावर ताडपत्री टाका.

मोठ्या कुत्र्याला औषध दिल्यावर दोन-चार आठवड्यांत पुन्हा अंडी दिसणं नेहमीचं आहे. कॅनिनमच्या अळ्या त्याच्या स्नायूंत दडून असतात. आतड्यातले जंत पडले की त्यांतल्या काही पुढे येऊन ती जागा घेतात. महिन्याच्या अंतराने काही डोस द्यावे लागतात. पायरँटेल, फेबँटेल आणि प्राझिक्वाँटेल एकत्र असलेली गोळी बहुधा १० किलोला एक या मापाची असते, पण पाकिटावरचं माप बघाच. फेनबेंडाझोल असेल तर किलोला ५० मिलिग्रॅम, रोज एकदा, सलग तीन दिवस.

पिल्लांबाबत उशीर चालत नाही. दबलेल्या अळ्या आईच्या दुधातून त्यांच्यात जातात. दहा-बारा दिवसांचं पिल्लू हिरड्या पांढऱ्याफटक पडून, काळं पातळ हगून मरतं आणि विष्ठेत एकही अंडं सापडत नाही, कारण जंत अजून अंडी घालण्याच्या वयाचे झालेले नसतात. रक्त मात्र पीत असतात. म्हणून पिल्लांना तपासणीची वाट न बघता दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात पायरँटेल द्यायचं, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. आईलाही पिल्लांबरोबरच.

शेळ्या-मेंढ्यांत तारखेचा हिशोब वेगळा लागतो. माणदेशात किंवा जतकडे माडग्याळ मेंढ्यांच्या कळपात डोळ्याची आतली कड पांढरी आणि जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसलं की जंत हे ठरतं, पण कोणता हे नाही. पहिला संशयित तारेसारखा रक्तपिता जंत हिमाँकस असतो. त्याची आणि बुनोस्टोममची अंडी वरवर सारखीच. हिमाँकस तीनेक आठवड्यांत अंडी देऊ लागतो, बुनोस्टोमम सुमारे दोन महिने घेतो. औषधानंतर चार आठवड्यांनी लेंड्यांत नवी अंडी दिसली तर ती नव्या हुकवर्मची नसतात. पाय आपटणं, खुराच्या वर चाटणं, चावणं ही मात्र हुकवर्मच्या अळ्या कातडीतून शिरत असल्याची खूण. गोठ्यात पाण्याच्या हौदाभोवतीची कायम ओली जागा बघा, तिथे मुरूम टाका, पाणी काढून द्या.

औषध लागू पडत नाही असं वाटलं तर आधी माप तपासा. नजरेने धरलेलं वजन बहुधा कमी असतं, आणि अंदाजाने पाजलेल्या कमी डोसनेच प्रतिकारक जंत तयार होतात. शेळी काट्यावर घालून वजन करा. २.५ टक्के अल्बेंडाझोल म्हणजे मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम. ३० किलोच्या शेळीला किलोला ७.५ मिलिग्रॅमने २२५ मिलिग्रॅम, म्हणजे ९ मिलिलिटर. बाटली हलवली नाही तर पहिल्या शेळीला पाणी आणि शेवटच्या शेळीला गाळ मिळतो. गाय काट्यावर चढत नसेल तर छातीचा घेर इंचात घेऊन त्याचा वर्ग करा, खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ६०, लांबी ५४ असेल तर साधारण २९५ किलो. गाभण जनावराला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका आणि दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते लेबलवर वाचा.

माप बरोबर असूनही शंका राहिली, तर औषधाच्या दिवशी आणि १० ते १४ दिवसांनी त्याच दहा-पंधरा शेळ्यांच्या लेंड्या थेट गुदद्वारातून काढून अंडी मोजून घ्या. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर औषधाचा गट बदलायला लागेल. कोणता, ते पशुवैद्यक ठरवतील. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कळप मोठा असेल तर तिथपर्यंत नमुना नेणं परवडतं. रेडकू दोन-तीन आठवड्यांचं असताना पांढरं हगत असेल तर तो बहुधा हुकवर्म नसून मोठा गोल जंत असतो. त्याचं औषध आणि वेळ वेगळी.

जंत गेले, रक्त भरत नाही

नेकेटर दिवसाला ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो, ड्युओडेनेल ०.१५ ते ०.२. चाळीस नेकेटर म्हणजे रोज सव्वा मिलिलिटर, लोहाच्या हिशोबात जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. वाचायला किरकोळ. पण बाईच्या शरीरात जेवणातून रोज एक-दीड मिलिग्रॅम लोहच शोषलं जातं, आणि पाळीचा खर्च वेगळा. त्यामुळे गोळीने जंत गेले तरी रिकामा झालेला साठा जेवणाने भरत नाही. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही तीन महिने चालू ठेवायच्या. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅम वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळ्या खरंच घेतल्या जातात का, हे आधी बघा. लोहाने शौच काळं होतं, घाबरून बंद करू नका.

हिमोग्लोबिन सातच्या खाली, गरोदर बाईला धाप, मुलाच्या चेहऱ्यावर आणि पायावर सूज, यांपैकी काहीही असेल तर घरगुती हिशोब बंद करून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. मिरजेचं शासकीय रुग्णालय किंवा साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. आणि पन्नाशीपुढच्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त लोहाअभावी कमी असेल, तर शौचात हुकवर्मची चार अंडी सापडली तरी तेच कारण मानून थांबू नका. हलक्या लागणीने एवढं रक्त जात नाही. जंताची गोळी द्या आणि त्याच आठवड्यात एंडोस्कोपी-कोलोनोस्कोपीची तारीख घ्या.